तालुका कोर्टापासून उच्च न्यायालयापर्यंत: महाराष्ट्रातली न्यायालये कशी रचली आहेत

तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीशांच्या दालनाबाहेर पाटी असते: ‘सह दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर तथा न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग’. बहुतेक लोक ती न वाचताच आत जातात. वाचली तरी सरकारी लांबण म्हणून सोडून देतात. खरे तर राज्यातल्या न्यायव्यवस्थेचा निम्मा नकाशा त्या एका ओळीत मावलेला आहे. दिवाणी न्यायाधीश आणि न्यायदंडाधिकारी ही दोन वेगळी कामे आहेत. कनिष्ठ स्तर आणि प्रथम वर्ग या त्या दोन कामांतल्या आपापल्या पायऱ्या आहेत. ‘सह’ म्हणजे तिथे एवढ्याच अधिकाराचे आणखी न्यायाधीश बसतात. माणूस मात्र एकच. सकाळी बांधाच्या वादात साक्ष नोंदवून घेणारे साहेबच दुपारी पोलिसांनी हजर केलेल्या आरोपीला कोठडी द्यायची की जामीन, हे ठरवतात.

न्यायालय इमारतीवरून ओळखायचे नसते, अधिकारावरून ओळखायचे असते. एका इमारतीत दहा न्यायालये असू शकतात आणि एकच न्यायाधीश दोन न्यायालये चालवत असू शकतो. त्यामुळे ‘आमची कोर्टात केस आहे’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. दिवाणी की फौजदारी, कोणत्या स्तरावर, मूळ दावा की अपील, एवढे तरी विचारावे लागते.

आधी एक गैरसमज दूर करू. अमेरिकेत राज्याची न्यायालये वेगळी आणि संघराज्याची वेगळी. आपल्याकडे तशी दुहेरी रचना नाही. कायदा संसदेने केलेला असो की विधिमंडळाने, खटला चालतो त्याच तालुका आणि जिल्हा न्यायालयांत. चेक न वटल्याचा खटला केंद्राच्या कायद्याखाली असतो, घरमालक-भाडेकरूचा वाद राज्याच्या कायद्याखाली. तालुक्याला दोन्ही एकाच न्यायाधीशांच्या बोर्डावर लागलेले दिसतात. साखळीही एकच आहे: तालुका, जिल्हा, उच्च न्यायालय आणि शेवटी दिल्लीतले सर्वोच्च न्यायालय.

दिवाणी दावा कुठे लागतो

जमीन, घर, उसने पैसे, करार, वाटणी, वहिवाटीचा रस्ता हे सगळे दिवाणी. इथे कोणाला शिक्षा करायची नसते, हक्क कोणाचा हे ठरवायचे असते. महाराष्ट्रात दिवाणी न्यायालयांची मांडणी १८६९ च्या कायद्यावर उभी आहे. दीडशे वर्षांत त्यातले आकडे बदलत गेले, सांगाडा टिकला. त्या सांगाड्यात खाली दोन स्तर आहेत. कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशांसमोर ५ लाख रुपये किमतीपर्यंतचे दावे चालतात. वरिष्ठ स्तराला किमतीची वरची मर्यादा नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते की अधिकार असलेल्यांपैकी सर्वांत खालच्या न्यायालयातच दावा दाखल करायचा. आमचा वाद मोठा आहे, घराणे मोठे आहे, म्हणून थेट जिल्ह्याला जातो, असे चालत नाही.

‘किंमत’ हा शब्द मात्र इथे हमखास चकवतो. दाव्याची किंमत बाजारभावाने धरली जाते असे नाही, ती कोर्ट फीच्या आणि दाव्यांच्या मूल्यांकनाच्या कायद्यांनी ठरते. शेतजमिनीच्या ताब्याच्या दाव्यात ती जमिनीच्या आकाराच्या पटीत काढतात. आकार म्हणजे सातबाऱ्यावर काही रुपये-पैशांत लिहिलेला सारा. त्यामुळे हमरस्त्याला लागून असलेल्या, कोटींत भाव बोलला जाणाऱ्या शेताचा दावा कनिष्ठ स्तरावर चालू असतो आणि सहा लाखांची उसनवारी वसूल करायचा साधा दावा वरिष्ठ स्तरावर जातो. ऐकायला उलटे वाटते, पण नियम तसाच आहे.

दावा कोणत्या गावच्या कोर्टात लावायचा, हा पुढचा प्रश्न. स्थावर मिळकतीचा वाद मिळकत जिथे आहे तिथेच चालतो. दोन्ही भाऊ पुण्यात राहत असले आणि भांडण सांगोल्याच्या जमिनीचे असले, तर तारखांना त्यांना सोलापूर जिल्हा गाठावाच लागतो. पैशाच्या दाव्यात प्रतिवादी राहतो ते ठिकाण किंवा व्यवहार जिथे घडला ते ठिकाण चालते. दाव्याच्या क्रमांकावरूनही स्तर ओळखता येतो. कनिष्ठ स्तरावरच्या दाव्याला ‘रेग्युलर सिव्हिल सूट’ म्हणतात, वरिष्ठ स्तरावरच्याला ‘स्पेशल सिव्हिल सूट’. दाव्याच्या कागदावर डोक्यालाच हे लिहिलेले असते.

‘कनिष्ठ’ म्हणजे शिकाऊ नव्हे. बहुसंख्य लोकांचा न्यायव्यवस्थेशी जो काही संबंध येतो, तो याच स्तराशी येतो. साक्षी इथे होतात, उलटतपास इथे होतो, मूळ दस्त इथे दाखल होतात आणि मनाई हुकूम मिळतो की नाही हेही बहुतेक वेळा इथेच ठरते. वर गेल्यावर यातले काय उरते, ते पुढे पाहू.

फौजदारीत शिक्षेवरून पायरी ठरते

फौजदारी बाजूला किमतीऐवजी गुन्ह्याचे स्वरूप आणि शिक्षेचा आवाका पाहिला जातो. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू झाली. तिच्यानुसार प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड देऊ शकतात. द्वितीय वर्गाला १ वर्ष आणि १० हजारांची मर्यादा आहे. जिल्ह्यातले मुख्य न्यायदंडाधिकारी ७ वर्षांपर्यंत जाऊ शकतात. त्याहून गंभीर गुन्हे सत्र न्यायालयाचे.

इथे एक गोष्ट लोकांना दरवेळी कोड्यात टाकते. खुनाच्या गुन्ह्यात अटक झालेल्या आरोपीला आधी तालुक्याच्याच कोर्टात आणतात. खुनाचा खटला चालवायचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना नाही, मग तिथे कशाला? कारण अटकेनंतर २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यासमोर हजर करण्याचे बंधन पोलिसांवर आहे, मग गुन्हा कोणताही असो. रिमांड तिथे होतो, तपास संपल्यावर दोषारोपपत्रही तिथेच दाखल होते. त्यानंतर दंडाधिकारी खटला सत्र न्यायालयाकडे सुपूर्द करतात आणि साक्षीपुराव्याचे काम तिथे सुरू होते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सोसारख्या काही विशेष कायद्यांत मात्र विशेष न्यायालय थेट दखल घेऊ शकते.

सत्र न्यायाधीश कायद्याने सांगितलेली कोणतीही शिक्षा देऊ शकतात, अगदी फाशीही. पण उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आरोपीने अपील केले नाही तरी ही पडताळणी होतेच. अटकपूर्व जामीन द्यायचा अधिकारही दंडाधिकाऱ्यांना नाही. त्यासाठी सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात जावे लागते, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी सत्र न्यायालय बसत नसेल तर माणसे रात्रीतून जिल्ह्याकडे धावतात.

आता ज्यांच्या नावात दंडाधिकारी आहे, पण जे या साखळीत नाहीत त्यांच्याकडे वळू. तहसीलदार, प्रांत आणि जिल्हाधिकारी हे कार्यकारी दंडाधिकारीही असतात. ‘चॅप्टर केस’ लागली असे गावात म्हणतात ती त्यांच्यासमोर: शांतता राखीन असे बंधपत्र घेणे, जमावबंदीचा आदेश काढणे अशी प्रतिबंधाची कामे. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत हेच काम पोलीस अधिकारी करतात. हे अधिकारी सरकारच्या प्रशासनाचे, उच्च न्यायालयाच्या हाताखालचे नव्हेत. चॅप्टर केस झाली म्हणजे शिक्षा झाली असे नसते. तो गुन्ह्याचा खटलाच नसतो.

जिल्हा आणि सत्र न्यायाधीश

जिल्ह्यालाही दोन टोप्या एकाच डोक्यावर आहेत. दिवाणी काम करताना ते जिल्हा न्यायाधीश, फौजदारी काम करताना सत्र न्यायाधीश. जिल्ह्यात असे अनेक न्यायाधीश असतात. त्यांतले प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीश हे त्या जिल्ह्याच्या न्यायालयांचे प्रशासकीय प्रमुख. कामाची वाटणी, कर्मचारी, तालुक्यांची तपासणी त्यांच्याकडे. अनेक मोठ्या तालुक्यांच्या ठिकाणीही आता जिल्हा न्यायाधीशांचे न्यायालय बसते, त्यामुळे दरवेळी जिल्ह्याच्या गावीच जावे लागते असे नाही.

इथे दोन प्रकारची कामे येतात. एक, खालून आलेली अपिले: कनिष्ठ स्तराच्या निकालांवरची, ठरावीक किमतीच्या आतल्या वरिष्ठ स्तराच्या निकालांवरची आणि दंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षांवरची. (त्या किमतीच्या वरचा वरिष्ठ स्तराचा निकाल थेट उच्च न्यायालयात जातो.) दोन, इथेच सुरू होणारी: सत्र खटले, जामीन आणि विशेष कायद्यांखालची अनेक प्रकरणे. मोटार अपघात नुकसानभरपाईचे न्यायाधिकरणही बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायाधीशच चालवतात. म्हणजे आणखी एक टोपी.

मुंबईचे वेगळेपण

मुंबईत हा साचा लागू होत नाही. कारण इतिहासात आहे. इंग्रजांच्या तिन्ही इलाख्यांच्या राजधान्यांत, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे, १८६२ मध्ये उच्च न्यायालये सुरू झाली. त्या शहरांतले मोठे दिवाणी दावे थेट उच्च न्यायालयातच चालत. म्हणून मुंबई उच्च न्यायालयाला आजही दोन बाजू आहेत, ‘ओरिजिनल साइड’ आणि ‘अपेलेट साइड’. पुण्याच्या माणसाला उच्च न्यायालयात पैशाचा मूळ दावा लावता येत नाही. मुंबईच्या माणसाला दाव्याची किंमत पुरेशी असेल तर येतो.

त्याखाली १९४८ च्या कायद्याने नगर दिवाणी न्यायालय आले. त्याच्या अधिकाराची मर्यादा वेळोवेळी वाढवत १ कोटीपर्यंत नेली होती, ती २०२४ पासून १० कोटी रुपये झाली. याचा साधा परिणाम असा की फक्त १० कोटींवरचे दावे उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेकडे उरले आणि बाकीचा भार खाली आला. फौजदारीत तेच न्यायालय सत्र न्यायालय म्हणून बसते. भाड्याच्या आणि जागा खाली करण्याच्या वादांसाठी लघुवाद न्यायालय वेगळे आहे आणि चाळींच्या या शहरात त्याला काम कधी कमी पडले नाही. महानगर दंडाधिकारी हा जुना वर्ग नव्या संहितेने ठेवलेला नाही, पण ते नाव तोंडातून जायला वेळ लागेल.

उच्च न्यायालय: एकच, पण पाच ठिकाणी

मुंबई उच्च न्यायालय हे केवळ महाराष्ट्राचे नाही. गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव हा केंद्रशासित प्रदेशही त्याच्याच कक्षेत येतो. मंजूर न्यायाधीशांची संख्या ९४ आहे. प्रत्यक्षात सगळी पदे भरलेली क्वचितच असतात.

मुख्य आसन मुंबईत. नागपूर खंडपीठाकडे विदर्भाचे ११ जिल्हे. नागपूरला १९३६ पासून स्वतःचे उच्च न्यायालयच होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते मुंबईचे खंडपीठ झाले. छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ १९८१ मध्ये सुरू झाले आणि त्याच्याकडे मराठवाड्याबरोबर अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबारही आहेत. गोव्यासाठी तिथले खंडपीठ. सर्वांत नवे कोल्हापूरचे सर्किट बेंच: वकिलांच्या कैक वर्षांच्या आंदोलनानंतर १८ ऑगस्ट २०२५ रोजी तिथे काम सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तिकडे गेली. पुणे आणि नाशिक अजून मुंबईलाच जातात.

ही ठिकाणे वेगवेगळी असली तरी न्यायालय एकच. नागपूरच्या खंडपीठाने दिलेला निकाल कोकणातल्या तालुका कोर्टावरही तितकाच बंधनकारक असतो. आत बसण्याचे प्रकार तीन: एक न्यायमूर्ती बसले तर एकल पीठ, दोन बसले तर द्विसदस्यीय पीठ, आणि दोन पिठांची मते जुळली नाहीत किंवा प्रश्न तेवढा महत्त्वाचा असला तर तीन किंवा अधिक न्यायमूर्तींचे पूर्णपीठ. कोणते प्रकरण कोणासमोर लागायचे ते मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. कामाच्या वाटपाचा हा अधिकार बाहेरून कारकुनी वाटतो, पण न्यायालयाच्या आत त्याच्याएवढे वजन थोड्याच गोष्टींना असेल.

उच्च न्यायालयाकडे अपिलांखेरीज आणखी दोन मोठी कामे आहेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली सरकार, महापालिका, विद्यापीठ अशा यंत्रणांविरुद्ध रिट याचिका इथे दाखल होतात. सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद ३२ खाली फक्त मूलभूत हक्कांसाठी जाता येते. उच्च न्यायालय मूलभूत हक्कांबरोबर इतर कायदेशीर हक्कांसाठीही रिट काढू शकते. त्या बाबतीत उच्च न्यायालयाचा हात जास्त लांब आहे, हे अनेकांना माहीत नसते. दुसरे काम खालच्या न्यायालयांवर नियंत्रणाचे. जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक राज्यपालांच्या नावाने होते, पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, इमारत सार्वजनिक बांधकाम विभाग बांधतो. पण बदली, बढती, शिस्त हे अनुच्छेद २३५ प्रमाणे उच्च न्यायालयाच्या हातात. जिल्हाधिकारी किंवा पालकमंत्री न्यायाधीशाची बदली करू शकत नाहीत. पैसा सरकारकडे आणि नियंत्रण न्यायालयाकडे, या वाटणीमुळे ओढाताण होते. नवी न्यायालये मंजूर होऊनही जागा आणि कर्मचाऱ्यांवाचून अडतात, ती यामुळेच.

वर गेल्यावर काय होते

न्यायालयांच्या उतरंडीबद्दल सर्वांत खोलवर रुजलेला समज असा की प्रत्येक पायरीवर खटला नव्याने चालतो. इथे हरलो तर जिल्ह्याला, तिथे हरलो तर मुंबईला, नाही तर दिल्लीला; कुठे तरी लागेलच. प्रत्यक्षात जसजसे वर जाल तसतसा न्यायालयाने पाहायचा प्रश्न लहान होत जातो.

सांगोल्याच्या त्या जमिनीचेच घेऊ. धाकटा भाऊ म्हणतो, जमीन वडिलोपार्जित आहे, माझा अर्धा हिस्सा द्या. थोरला म्हणतो, वाटणी तीस वर्षांपूर्वी झाली, हा घ्या कागद. तालुका कोर्टात सगळे खुले असते: कागद खरा की खोटा, सही कोणाची, साक्षीदार त्या दिवशी गावात होता का, पीकपाणी कोणाच्या नावावर लागत होते. निकाल विरुद्ध गेला तर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात पहिले अपील. हा हक्क आहे. न्यायालयाने आधी परवानगी द्यावी लागत नाही. जिल्हा न्यायाधीश पुरावा पुन्हा तपासून वेगळ्या निष्कर्षाला येऊ शकतात. पण तपासतात ते बहुधा तेच कागद आणि तीच नोंदवलेली साक्ष. जो साक्षीदार तालुक्यात उभाच केला नाही, तो अपिलात आणायला विशेष कारण दाखवावे लागते आणि ते सहसा मान्य होत नाही.

पुढची पायरी उच्च न्यायालयात दुसरे अपील, मुदत ९० दिवस. इथे दार एकदम अरुंद होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न निघत असेल तरच अपील दाखल करून घेतात. ‘साक्षीदार खोटे बोलला’ हा कायद्याचा प्रश्न नव्हे. दोन्ही खालच्या न्यायालयांनी वाटणीचा कागद खरा मानला असेल, तर उच्च न्यायालय तो पुन्हा भिंगाखाली धरायला बसत नाही. दुसरी अपिले दाखल होण्याच्या टप्प्यावरच मोठ्या संख्येने फेटाळली जातात आणि पक्षकाराला वाटते की आपले ऐकूनच घेतले नाही. ऐकून घेण्याची जागा खाली होती, एवढाच त्याचा अर्थ असतो.

सर्वोच्च न्यायालयात तर बहुतेक प्रकरणे अनुच्छेद १३६ खालच्या विशेष अनुमती याचिकेने जातात. नावातच आहे तसे, ती अनुमती आहे, हक्क नाही. न्यायालय काही मिनिटांत एका ओळीने ती नाकारू शकते. तशी नाकारली म्हणजे खालचा निकाल बरोबर असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, असेही होत नाही. त्यांनी फक्त हात घातला नाही.

फौजदारीत आरोपीच्या बाजूने दार थोडे रुंद ठेवलेले आहे. दंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली तर सत्र न्यायालयात अपील, सत्र न्यायालयाने दिली तर उच्च न्यायालयात. दोन्हीकडे पुरावा पुन्हा तपासला जातो, कारण पणाला माणसाचे स्वातंत्र्य असते. आरोपी सुटला तर सरकार आणि पीडित व्यक्ती दोघांनाही अपील करता येते, मात्र निर्दोष सुटलेल्याला पुन्हा दोषी ठरवताना वरची न्यायालये जास्त सावध असतात.

आता या सगळ्या पायऱ्या चढून धाकटा भाऊ जिंकला असे समजू. दिल्लीहून निकाल आला. जमीन मिळाली का? नाही. हुकूमनाम्याची, म्हणजे निकालातल्या आदेशाची, अंमलबजावणी करायची ती बहुतांशी ज्या न्यायालयाने मूळ हुकूमनामा दिला त्याच न्यायालयातून. तिथे ‘दरखास्त’ दाखल करावी लागते, त्यासाठी १२ वर्षांची मुदत असते. शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप तर न्यायालय स्वतः करत नाही; सरकारला सारा भरणारी जमीन असल्याने ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि मोजणीपासून पुन्हा सुरुवात होते. वकिलांमध्ये एक कडवट बोलणे नेहमीचे आहे की पक्षकाराचा खरा त्रास हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतो.

कोर्टासारखी दिसणारी इतर दारे

ग्रामीण भागात ‘कोर्ट’ म्हणून जे भोगले जाते, त्यातला मोठा वाटा न्यायालयाचा नसतोच, महसूल खात्याचा असतो. फेरफारावर हरकत, वारस नोंद, शेतरस्ता अडवणे ही प्रकरणे मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी, आयुक्त अशी चढत जातात आणि काही मंत्रालयापर्यंत पोहोचतात. तिथेही वकील असतात, तारखा पडतात, निकालपत्र निघते. अडवलेल्या रस्त्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा तहसीलदारांना आजही उपयोगी पडतो, तोही बऱ्यापैकी झटपट.

गोंधळ होतो तो पुढे. फेरफार मंजूर झाला म्हणजे मालकी ठरली, असे समजून लोक प्रांत ते मंत्रालय अशी दहा-दहा वर्षे लढतात. सातबारा हा महसूल वसुलीसाठी ठेवलेला अभिलेख आहे. त्यावरची नोंद मालकी देत नाही आणि काढूनही घेत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितले आहे. मालकीचा वाद शेवटी दिवाणी न्यायालयातच सुटतो. महसुली लढाई जिंकलेला माणूस मग दिवाणीत पहिल्यापासून उभा राहतो. माझ्या मते, राज्याच्या न्यायरचनेतली एकच गोष्ट सामान्य माणसाला समजावून सांगायची झाली, तर ती ही असावी. कुळकायद्याची प्रकरणे मात्र याच्या उलट आहेत: कोण कूळ आहे हे महसूल अधिकाऱ्यांनीच ठरवायचे आणि ती वाट महसूल न्यायाधिकरणाकडे जाते. दिवाणी न्यायालयात तो प्रश्न निघाला तर ते तो मुद्दा तहसीलदारांकडे पाठवते.

बाकीची दारे थोडक्यात. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा यांसाठी शहरांत कुटुंब न्यायालये; जिथे ती नाहीत तिथे हे काम नेहमीची दिवाणी आणि फौजदारी न्यायालये करतात. कामगारांसाठी कामगार आणि औद्योगिक न्यायालये. सहकारी संस्था आणि तिच्या सभासदांतले वाद सहकार न्यायालयात. साखर कारखाने, पतसंस्था आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या या राज्यात ते ओसाड पडण्याची भीती नाही. सरकारी नोकरांच्या सेवेचे वाद ‘मॅट’मध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात. ग्राहकांसाठी जिल्हा आयोग, तिथे वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असावी लागते; त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग.

लोकअदालत हे वेगळे न्यायालय नाही. प्रलंबित किंवा दाखल होण्याआधीच्या वादात दोघांची तडजोड झाली तर तिथे ती नोंदवली जाते. भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते. पण त्यावर अपील नाही. सही करण्याआधी कागद पूर्ण वाचावा, तो यासाठी.

न्यायाधीश येतात कुठून, आणि भाषा कोणती

कनिष्ठ स्तराचे न्यायाधीश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या परीक्षेसाठी किमान ३ वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. जिल्हा न्यायाधीशाची काही पदे थेट भरतीने भरतात, त्यासाठी वकिलाला ७ वर्षांची वकिली लागते. बाकीची खालच्या न्यायाधीशांना बढती देऊन. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कॉलेजियमच्या, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटाच्या, शिफारशीवरून राष्ट्रपती नेमतात आणि ते ६२ व्या वर्षी निवृत्त होतात. त्यांची बदली दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयात होऊ शकते, म्हणून मुंबईला येणारे मुख्य न्यायमूर्ती बहुधा बाहेरच्या राज्यातले असतात.

जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा राज्य सरकारने १९९८ मध्ये मराठी म्हणून घोषित केली. साक्ष मराठीत होते, पण निकाल इंग्रजीत लिहिण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही. उच्च न्यायालयात मात्र घटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे कामकाज इंग्रजीत चालते, आणि त्यासाठी खालचे सगळे मराठी कागद भाषांतर करून द्यावे लागतात. त्याचा खर्च पक्षकारावर पडतो. अपिलाचा विचार करताना तो हिशेबात धरावा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका विधी सेवा समिती यांची कार्यालये न्यायालयाच्या आवारातच असतात. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्ज साध्या कागदावर, मराठीत, आणि त्याला कोर्ट फीचा स्टॅम्प लागत नाही.